परसांतला कढीलिंब

मिऱ्यांनीं जगाचा इतिहास घडविला असें म्हणतात. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतला आला तो मसाल्यांच्या ओढीनें. पुढें त्या व्यापारासाठीं लढायाही झाल्या. त्याच भूमींत रुजलेल्या कढीलिंबासाठीं मात्र कोणी राज्य पणाला लाविलें नाहीं. याचें कारण त्याच्या पानांतच आहे. मिरीं वाळविलीं कीं वर्षानुवर्षें टिकतात. कढीलिंबाचें पान वाळलें कीं त्याचा सुवास बहुतेक उडून जातो. जें वखारींत सांठवितां येत नाहीं, तें दारींच लावावें लागतें.

म्हणून या झाडाचा इतिहास बखरींत नसून नांवांत सांपडतो. तमिळ लोक त्यास करिवेप्पिलै म्हणतात, कानडी लोक करिबेवु. पानांचें कडुनिंबाशीं साम्य पाहून या सर्व नांवांत निंब आला. कूळ मात्र संत्र्याचें व कागदी लिंबाचें. लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या हें नातें बरोबर ओळखतात, व याही पानांवर ताव मारतात. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतींत १७६८ मध्यें आलेला वैद्य योहान केनिग हा लिनीअसचा शिष्य. त्याचें नांव या झाडाच्या शास्त्रीय नांवांत कायमचें राहिलें. ज्या गृहिणींनीं तें पिढ्यान्‌पिढ्या जोपासलें, त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत.

त्यांची साक्ष दूरदेशीं मात्र मिळते. १८३४ पासून हिंदी मजूर मॉरिशसला मोठ्या संख्येनें जाऊं लागले. त्यांत तमिळ होते, तसे मराठीही होते. तेथें या पानाला आजही 'कारिपुले' म्हणतात. मूळचा तमिळ शब्द त्यांत स्पष्ट ऐकूं येतो.

हें झाड लावण्यास बागाइताची गरज नाहीं. काळसर जांभळीं झालेलीं फळें घेऊन गर काढावा व बीं ताबडतोब पेरावें, कारण त्याची उगवणशक्ति लवकर जाते. जुन्या झाडाच्या मुळांतून फुटलेलें रोपही लागतें. ऊन भरपूर असावें, पाणी सांचूं देऊं नये. शेंडा खुडीत गेल्यास फांद्या फुटून झुडूप दाट होतें. पान तोडावें तें फोडणी तयार झाल्यावर. तापल्या तेलांत पडतांच त्याचा गंध घरभर पसरतो.

आज शहरांत भाजीबरोबर आणलेली जुडी थोड्याच दिवसांत काळवंडते, आणि केरांत जाते. मिऱ्यांची राखण वखारींनीं केली. कढीलिंबाची परसानेंच केली. परस गेलें असेल, तरी गॅलरींत एक कुंडी मावते.