बखर, दानपत्र आणि चार प्रश्न

१/
शिवछत्रपतींच्या निधनानंतर संभाजी महाराज रायगडावर आले आणि त्यांनी सावत्र मातोश्री सोयराबाईंना भिंतीत चिणून मारले, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. तिला लेखी आधारही होता : मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. तरीही इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकली नाही. ती का कोसळली, यात साधनांच्या पारखीचा संपूर्ण पाठ आहे.

२/
पहिला प्रश्न : मजकूर केव्हा लिहिला गेला?
महाराजांचे निधन एप्रिल १६८० मध्ये झाले. संभाजीराजे जूनमध्ये रायगडावर आले. चिटणिसांची बखर १८१० च्या सुमाराची. घटना आणि लेखन यांत सुमारे १३० वर्षांचे अंतर आहे. बखरकाराने यातले काहीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

३/
दुसरा प्रश्न : कोणी लिहिले?
मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी ज्यांना देहदंड दिला, त्यांत अण्णाजी दत्तोंबरोबर हेच बाळाजी आवजी होते. ज्या राजाचे चरित्र लिहायचे, त्याच्याच हुकमाने लेखकाच्या पूर्वजाचा जीव गेलेला होता.

४/
हितसंबंध दिसला म्हणून मजकूर आपोआप खोटा ठरत नाही. बाळाजींचा देहदंड खराच आहे. परंतु जेथे साक्षीदाराचे घराणेच फिर्यादी असते, तेथे साक्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

५/
तिसरा प्रश्न : समकालीन कागद काय सांगतो?
ऑगस्ट १६८० मध्ये संभाजी महाराजांनी कुडाळच्या बाकरे घराण्याला संस्कृत दानपत्र दिले. त्यात सोयराबाईंचा उल्लेख निर्मळ मनाची माता अशा आदराने येतो. राजे रायगडावर येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

६/
हेच प्रश्न दानपत्रालाही विचारावे लागतात. तो राजाचा स्वतःचा कागद आहे. त्यातली स्तुती औपचारिक असू शकते. तेवढ्यावरून दोघांत जिव्हाळा होता, असे म्हणता येणार नाही. मात्र सोयराबाईंचा मृत्यू १६८१ मधला, म्हणजे राजे गडावर आल्यानंतर वर्षाहून अधिक काळाने झालेला. ‘आल्याबरोबर चिणून मारले’ ही कथा येथे निकालात निघते.

७/
चौथा प्रश्न : स्वतंत्र साक्षी किती?
ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या साधनांत चिटणिसांची बखरही होती. पुढे त्याच्या ग्रंथावरून आणि बखरींवरून नाटके, कादंबऱ्या, चरित्रे रचली गेली. वाचकाला वाटले, इतके लोक एकच गोष्ट सांगतात, तर ती खरीच असणार. वास्तविक विहीर एकच होती, फक्त घागरी अनेक होत्या.

८/
हा प्रवाह वळला तो मूळ कागदांमुळे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि अस्सल पत्रांपुढे बखरींचे दोष उघडे पाडले. वा. सी. बेंद्रे यांनी देशी-परदेशी कागद वर्षानुवर्षे धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र सिद्ध केले. त्यानंतर कमल गोखले यांनीही साधनांच्या आधारे ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. व्यसनी, उतावळ्या राजपुत्राच्या जागी सुमारे नऊ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राज्यकर्ता उभा राहिला.

९/
ही कसोटी दुधारी आहे. ज्या कागदांनी भिंतीची कथा खोडली, तेच कागद १६७८ मधले दिलेरखानाकडे जाणे आणि १६८१ मधले देहदंडही दाखवतात. नावडता मजकूर तपासायचा आणि आवडता तसाच स्वीकारायचा, याला पारख म्हणत नाहीत. निंदेला लावलेली फूटपट्टी स्तुतीलाही लावावी लागते.

१०/
केव्हा लिहिले? कोणी लिहिले? समकालीन पुरावा काय म्हणतो? स्वतंत्र साक्षी किती? एका राजाची प्रतिमा सावरायला या चार प्रश्नांना दीडशे वर्षे लागली, कारण तोपर्यंत ते पुरेशा कठोरपणे कोणी विचारलेच नव्हते. मोबाइलवर फिरत येणाऱ्या ‘इतिहासा’ला तर ते अधिकच लागू पडतात. चिटणिसांची बखर निदान आपल्या लेखकाचे नाव सांगते, म्हणून तरी तिची उलटतपासणी घेता आली. फिरत आलेला मजकूर तेवढेही सांगत नाही.