पेटी ते ट्रॅक: रत्नागिरीतील हौशी गाण्याचा इतिहास

रत्नागिरीत आणि एकूणच महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या गावांत अलीकडच्या काळात रुजलेले कराओके, म्हणजे मूळ गाण्यातील गायकाचा आवाज वगळून उरलेल्या ध्वनिमुद्रित वाद्यमेळावर हौशी माणसाने गाणे, हे यंत्र म्हणून जपानी असले तरी रीत म्हणून या मातीला परके नाही. चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसे, त्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी आणि डॉक्टर असे सगळेच, एखादे छोटे सभागृह भाड्याने घेतात, वर्गणी काढतात आणि आळीपाळीने जुनी हिंदी-मराठी गाणी म्हणतात. या प्रकाराकडे मोबाइलने लावलेले खूळ म्हणून पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही. परंतु दुसऱ्याची चाल आपल्या गळ्यातून काढण्याची हौस कोकणात किमान सव्वाशे वर्षांची आहे आणि बदलले आहे ते मुख्यतः साथीचे साधन.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभच मुळी तयार चालींवर झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कर्नाटकी चाली यांवर नवे शब्द बसवलेले होते, आणि नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून कोणत्या जुन्या गाण्याप्रमाणे ते म्हणायचे हे सांगण्याचा प्रघात पडला. ज्याला स्वरलिपी येत नाही अशा माणसालाही त्यामुळे नाटकातले पद घरी म्हणता येऊ लागले. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनी, म्हणजे गणपतीपुढे पदे म्हणणाऱ्या तरुणांच्या पथकांनी, हीच युक्ती उचलली. आणि रत्नागिरी जिल्ह्यातील जाखडी या नृत्यगायनात, जेथे शक्तीवाले व तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जबाब करतात, पुढे सिनेमाच्या लोकप्रिय चालींवर पौराणिक कथा बसवण्यास कोणाला संकोच वाटला नाही. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी त्यावर नाके मुरडली, पण गणपतीत वाड्यावाड्यांतून रात्र जागवली ती याच गाण्यांनी.

नाट्यसंगीताशी रत्नागिरीचे नाते केवळ प्रेक्षकाचे नव्हते. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि त्यांची संगीत नाटके याच वर्षांत लिहिली गेली. त्यांतील ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली सावंतवाडी संस्थानात जन्मलेले गायक वझेबुवा यांच्या होत्या. दीनानाथांचा चपळ, वरच्या पट्टीत झेपावणारा गळा कोणाला मिळणार? तरीही ती पदे गावोगावच्या हौशी नटांनी आपापल्या कुवतीने म्हटली आणि तबकड्यांनी ती टिकवली. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ या नाटकापासून जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर केले, तेव्हा तासभर आळवणी न करताही पद उभे राहते हे हौशी गायकाच्या लक्षात आले. रत्नागिरीत संगीत नाटकाचा धागा आजही तुटलेला नाही. खल्वायनसारखी संस्था नाटके बसवते आणि मैफलीही भरवते.

या परंपरेत गायकाच्या शेजारी नेहमी एक माणूस असे: पेटीवाला. हार्मोनिअमला मराठीत पेटी म्हणतात आणि तिच्या पट्ट्यांवरूनच स्वराची उंची सांगतात. पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, तर बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये. पेटीवाल्याचे कौशल्य नुसते स्वर देण्यात नव्हते, तर गायक कडवे विसरला तर सूर धरून ठेवणे, तो वरच्या षड्जाला अडखळेल असे दिसताच पट्टी आधीच उतरवणे आणि घाई झाली तर तबलजीला डोळ्याने खुणावणे यातही होते. हौशी गाणे जितके गायकाचे तितकेच या साथीदाराचे होते, पण कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्याचे नाव शेवटी आणि बारीक टाइपात येई.

साथीदार बाजूला कसा झाला हे समजण्यासाठी जपानातील कोबे शहराकडे वळावे लागते. टोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली अशा प्रकारचे एक यंत्र बनवले होते, परंतु या धंद्याला चालना मिळाली ती दाइसुके इनोउए यांच्यामुळे, आणि तेही साथीदारच होते. मद्यालयांत गाणाऱ्या गिऱ्हाइकांना ते वाद्यावर साथ करत. एका व्यावसायिकाने गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी सोबत येऊन साथ करण्याची विनंती केली. इनोउए यांना जाणे शक्य नसल्याने त्यांनी त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशा बेताने साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यावरून १९७१ साली त्यांनी ध्वनिक्षेपक, फीत आणि नाणे टाकण्याची सोय असलेली ११ यंत्रे तयार करून मद्यालयांना भाड्याने दिली. त्यांनी एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले नाही. २००४ साली त्यांना गंमतीदार संशोधनासाठीचे इग नोबेल शांतता पारितोषिक तेवढे मिळाले.

जपानी मध्यमवयीन माणूस कराओकेत जी गाणी निवडतो ती बहुतांशी शोवा कालखंडातील, म्हणजे १९२६ ते १९८९ या काळातील, लोकप्रिय गीते असतात. त्यांना कायोक्योकु म्हणतात, आणि त्यांतील विरहाचा, गाव सुटल्याचा हळवा प्रकार एंका या नावाने ओळखला जातो. हा माणूस साधारणपणे स्वतःच्या तारुण्यातली गाणी गातो. रत्नागिरीतील त्याचा समवयस्क मात्र पुष्कळदा आपल्या जन्माआधीची गाणी गातो: साठीच्या आतबाहेरची व्यक्ती मदनमोहन, शंकर-जयकिशन किंवा सुधीर फडके निवडते, तेव्हा ती आईवडिलांचे तारुण्य गात असते. याचे कारण रेडिओत सापडते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. दरम्यान पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक नवे गीत या हिशेबाने प्रसारित केले. पुढे ‘भूले-बिसरे गीत’ आणि ‘आपली आवड’ या रेडिओ कार्यक्रमांनी तीच गाणी इतकी वर्षे फिरवली की १९७० नंतर जन्मलेल्या मुलांनाही ती घरचीच वाटली. १९७० च्या दशकात रत्नागिरीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाल्यावर तर आवाज आणखी जवळून येऊ लागला.

त्यानंतरचे टप्पे भरभर उरकतात. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांनी (लोक त्यांना सरळ ऑर्केस्ट्रा म्हणत) गाणी पडद्यावरून मंचावर आणली, कॅसेटने ती स्वस्त केली, २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये संगमेश्वर तालुक्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे अंतिम फेरीत पोहोचल्यावर टीव्हीवरचे गाणे कोकणाला आपले वाटले, आणि स्मार्टफोनवरील स्म्यूलसारख्या अॅपने, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत, प्रत्येकाच्या हातात ट्रॅक दिला.

ट्रॅक म्हणजे तयार वाद्यमेळ, आणि तो पेटीवाल्यासारखा थांबत नाही. त्यामुळे हौशी गायकाच्या वहीचे रूप पालटले. पूर्वी त्यात शब्द आणि फार तर रागाचे नाव असे; आता गाण्याच्या डोक्यावर पट्टी, किती ‘स्केल’ खाली घ्यायचे तो आकडा, ‘म्युझिक पीस’नंतर किती मात्रा मोजून उठायचे त्याची खूण आणि श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ असते. या शिस्तीने काहींचा ताल सुधारला, हे मान्य करावे लागते. त्याहून मोठा लाभ बायकांचा झाला. मंगळागौर, भोंडला आणि भजनी मंडळ एवढ्यावरच ज्यांचे गाणे थांबत होते, त्यांना साथीदार जमवण्याची, त्यांच्या वेळा सांभाळण्याची आणि मानधनाची अट उरली नाही. त्या स्वयंपाकघरात सराव करून थेट सभागृहात उभ्या राहू शकल्या. तोटा एवढाच की चुकणाऱ्याला सावरणारे कोणी उरले नाही, आणि लहानसहान कार्यक्रमांवर ज्यांची वरकमाई चालत असे त्या स्थानिक वादकांकडे येणारी बोलावणी घटली. चांगल्या साथीपुढे ट्रॅक डावाच ठरतो. पण बहुसंख्य हौशी गायकांना चांगली साथ परवडत कधीच नव्हती, हेही तितकेच खरे.

नाटक मंडळ्यांच्या जाहिराती व पदांची पुस्तके जपली गेली म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. कराओकेच्या कार्यक्रमांची निमंत्रणे मात्र व्हॉट्सअॅपवर येतात आणि फोन बदलला की जातात. रत्नागिरीत १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे. ज्यांच्याकडे गाण्याच्या जुन्या वह्या, मेळ्यांची पदे किंवा अशा मैफलींच्या पत्रिका शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी तेथे एकदा विचारून पाहावे.