‘पोचणे’ या शब्दाचा अर्थ : फ्लोबेर आणि द्यु काँ यांच्या मैत्रीचा पुनर्विचार

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीच्या इतिहासात माक्सीम द्यु काँ याचे नाव बहुधा खलपुरुषाच्या भूमिकेत येते. गुस्ताव्ह फ्लोबेर याने पाच वर्षे खपून ‘मादाम बोव्हारी’ लिहिली आणि संपादक झालेल्या त्याच्या मित्राने तिच्यावर कात्री चालविली. एकाने कलेची उपासना केली, दुसऱ्याने प्रतिष्ठेची. अशी ही रूढ मांडणी आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हे. तथापि ज्या पुराव्यावर ती उभी आहे, तो बराचसा एकतर्फी आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कादंबरीकार होण्याची सारखीच आकांक्षा बाळगून एकत्र निघालेले दोन तरुण कोणत्या मुद्द्यावर एकमेकांपासून दूर गेले आणि त्या दुराव्याचा निवाडा कोणत्या साधनांच्या आधारे करावयाचा, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

फ्लोबेरचा जन्म १८२१ मध्ये रुआँ येथे झाला; द्यु काँचा त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८२२ मध्ये, पॅरिसमध्ये. दोघेही शल्यवैद्यांचे पुत्र. फ्लोबेरचे वडील रुआँच्या रुग्णालयाचे प्रमुख शल्यवैद्य होते. द्यु काँ मात्र पोरका होता. वडील तो अगदी लहान असताना गेले आणि आईही त्याच्या किशोरवयातच वारली. वारशाने आलेली संपत्ती त्याच्यापाशी होती, परंतु घर नव्हते. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा फ्लोबेर नाइलाजाने कायद्याचा अभ्यास करीत होता. ‘नोव्हेंबर’ ही नुकतीच पूर्ण केलेली लघुकादंबरी त्याने या नव्या मित्राला वाचून दाखविली आणि द्यु काँ भारावून गेला. फ्लोबेरच्या अंगच्या प्रतिभेची ग्वाही ज्यांनी प्रारंभीच दिली, त्यांत द्यु काँची गणना करावी लागते.

जानेवारी १८४४ मध्ये फ्लोबेरला मज्जाविकाराचा पहिला तीव्र झटका आला. कायद्याचा अभ्यास सुटला. १८४६ मध्ये वडील आणि बहीण दोघेही वारल्यावर आई व तान्ही भाची यांच्यासह सेन नदीकाठच्या क्र्वासे येथील घरी तो कायमचा राहू लागला. या काळात द्यु काँ त्याच्याकडे वारंवार येत असे. १८४७ च्या उन्हाळ्यात दोघांनी आँजू आणि ब्रिटनी या प्रांतांतून पायी प्रवास केला व त्याचे वर्णन मिळून लिहिले. विषम क्रमांकांची प्रकरणे फ्लोबेरची, सम क्रमांकांची द्यु काँची. संपूर्ण ग्रंथ त्या दोघांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. परंतु एका वहीत आळीपाळीने लिहिणारे हे दोन तरुण त्या वेळी स्वतःला एकाच व्रताचे व्रती समजत होते, याचा तो निर्विवाद पुरावा होय.

२

या मैत्रीतील पहिली कसोटी सप्टेंबर १८४९ मधली. ‘संत आंतोनीचे प्रलोभन’ या आपल्या महत्त्वाकांक्षी कृतीचे वाचन फ्लोबेरने द्यु काँ आणि कवी लुई बुइए या दोघा मित्रांसमोर केले. वाचन चार दिवस, रोज आठ तास चालले. शेवटी दोघांनी निर्णय दिला तो असा, की ही कृती अग्नीत टाकावी आणि पुन्हा तिचे नाव काढू नये. भावनेच्या पुरात वाहून जाण्याच्या वृत्तीला आवर घालील असा एखादा सामान्य, घरगुती विषय घ्यावा, असा सल्लाही त्यांनी दिला.

हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो. पण त्याचे सविस्तर वर्णन मूलतः एकाच ठिकाणी, म्हणजे द्यु काँच्या ‘साहित्यविषयक आठवणीं’त, आढळते. त्या आठवणी १८८२-८३ मध्ये, फ्लोबेरच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आल्या. त्यांतील सर्वच मजकूर विश्वसनीय नाही. नाईल नदीच्या दुसऱ्या धबधब्यापाशी उभे असताना फ्लोबेरला ‘एमा बोव्हारी’ हे नाव सुचले आणि तो आनंदाने ओरडला, असे द्यु काँ सांगतो. परंतु नोव्हेंबर १८५० मध्ये फ्लोबेरने कॉन्स्टॅन्टिनोपलहून बुइएला लिहिलेल्या पत्रात मनात घोळणारे तीन विषय नमूद आहेत आणि त्यांत बोव्हारीचा मागमूस नाही. तीस वर्षांनंतर लिहिणाऱ्या माणसाने एका महान ग्रंथाच्या जन्माशी स्वतःची उपस्थिती जोडून घेतली असावी, असेच अनुमान निघते.

३

ऑक्टोबर १८४९ च्या अखेरीस दोघे पूर्वेकडील प्रवासास निघाले. या प्रवासात दोघांच्या स्वभावांतील भेद कामाच्या रूपाने उघड झाला. दोघांपाशीही सरकारी कामगिरीची पत्रे होती. द्यु काँला शिक्षणखात्याने प्राचीन स्मारकांची छायाचित्रे घेण्याचे काम दिले होते. फ्लोबेरने व्यापारविषयक माहिती गोळा करावयाची होती. फ्लोबेरने आपल्या कामाकडे ढुंकूनही पाहिले नाही. द्यु काँ मात्र अवजड कॅमेरा, रसायने आणि कागद बाळगीत मंदिरामागून मंदिर टिपत राहिला. या श्रमाचे फळ म्हणून १८५२ मध्ये ईजिप्त, न्यूबिया, पॅलेस्टाइन व सीरिया येथील १२५ छायाचित्रांचा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला. छायाचित्रांनी सजलेल्या प्रवासग्रंथांत तो अग्रगण्य मानला जातो. कैरोच्या एका बागेत उभ्या असलेल्या फ्लोबेरची अस्पष्ट आकृतीही त्याच छायाचित्रांपैकी एकात टिपली गेली आहे.

परतल्यावर द्यु काँने वेळ दवडला नाही. ऑक्टोबर १८५१ पासून ‘रव्ह्यू द पारी’ हे नियतकालिक तेओफील गोतिये इत्यादींच्या सहकार्याने पुन्हा सुरू झाले आणि द्यु काँ त्याच्या संपादकांपैकी एक झाला. लगोलग त्याने बुइएचे ‘मेलेनिस’ हे दीर्घकाव्य त्यात छापले. मित्रांना आपल्याबरोबर वर घेऊन जाण्याची त्याची इच्छा खरी होती. फ्लोबेर मात्र सप्टेंबर १८५१ मध्येच क्र्वासेच्या खोलीत ‘मादाम बोव्हारी’ लिहावयास बसला होता आणि तेथून उठावयास तयार नव्हता.

४

जून १८५२ मध्ये ठिणगी पडली. पॅरिसमध्ये येऊन राहावे, वेळ निघून चालली आहे, जागा भरत चालल्या आहेत, अशा आशयाचे पत्र द्यु काँने लिहिले. त्यावर फ्लोबेरने पाठविलेले उत्तर सुप्रसिद्ध आहे. मित्राचे युक्तिवाद खोडीत न बसता त्याने मित्राच्या शब्दांनाच हात घातला. घाई करणे, संधी साधणे, जागा पटकावणे, ही आपल्या लेखी अर्थशून्य शब्दावली आहे, असे त्याने कळविले. त्यातही ‘पोचणे’ या शब्दावर तो थबकला आणि कोठे पोचावयाचे, असा प्रतिप्रश्न करून पॅरिसमधील तत्कालीन नामांकितांची एक यादीच त्याने पुढे ठेवली.

येथे भाषिक दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रेंच ‘आरिव्हे’ हे क्रियापद मूळ अर्थाने स्थलवाचक होय. यशस्वी होणे हा त्याचा लाक्षणिक अर्थ. लाक्षणिक अर्थ रुळला की ‘कोठे’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही. फ्लोबेरने तो विचारून क्रियापदाला त्याच्या मूळ अर्थाकडे परत नेले आणि रूपक मोडले. मराठीतही ‘पोचलेला’ हे विशेषण सिद्धपुरुषाला लागते तसेच बनेल माणसालाही लागते; दोन्ही ठिकाणी गंतव्य अध्याहृतच असते. फ्लोबेर आणि द्यु काँ यांच्या वादाचे मर्म या अध्याहृत गंतव्यात आहे. महत्त्वाकांक्षा दोघांचीही प्रचंड होती. द्यु काँची आकांक्षा आपल्या काळात स्थान मिळविण्याची होती, म्हणून तिला तारीख होती. फ्लोबेरची आकांक्षा एक विशिष्ट प्रकारचे गद्य सिद्ध करण्याची होती, म्हणून तिला तारीख नव्हती. त्यानंतरच्या पत्रात आपले मार्ग आता वेगळे झाले, हे फ्लोबेरने स्पष्टपणेच लिहिले.

ज्या गद्यासाठी हा हट्ट होता, त्याचे मोल पुढे भाषाशास्त्रानेही ओळखले. पात्राचे मनोगत लेखकाच्या निवेदनात विरघळवून टाकण्याच्या ज्या पद्धतीला शार्ल बाली याने १९१२ मध्ये ‘मुक्त अप्रत्यक्ष कथन’ असे नाव दिले, तिचा सातत्याने आणि जाणीवपूर्वक वापर ‘मादाम बोव्हारी’त आढळतो. पॅरिसमधील जागा पटकावण्याच्या धांदलीत असे गद्य घडले असते, असे म्हणवत नाही.

५

१८५६ मध्ये कादंबरी पूर्ण झाली आणि ती मागून घेतली द्यु काँनेच. २,००० फ्रँक मोबदला ठरला. परंतु जुलैमध्ये त्याचे पत्र आले, की अनावश्यक भाग काढून टाकण्याचे काम एखाद्या अनुभवी माणसाकडे सोपवावे. त्यास शंभरएक फ्रँक खर्च येईल. या पत्राच्या पाठीवर फ्लोबेरने एकच उद्गारवाचक शब्द लिहून ठेवला, त्याचा अर्थ ‘अजस्र’ असा होतो. १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात सहा हप्त्यांत कादंबरी छापली गेली. बंद घोडागाडीचा प्रसंग वगळला गेला, आणखीही काटछाट झाली, आणि फ्लोबेरच्या आग्रहास्तव त्याच्या निषेधाची टीप छापावी लागली.

द्यु काँच्या वाङ्मयीन निर्णयाचे समर्थन करता येत नाही. परंतु त्याची भीती निराधार नव्हती. ‘रव्ह्यू द पारी’वर साम्राज्यसत्तेची आधीपासूनच वक्रदृष्टी होती. २९ जानेवारी १८५७ रोजी लेखक, प्रकाशक आणि मुद्रक असे तिघेही नीतिभ्रष्टतेच्या आरोपाखाली न्यायालयात उभे राहिले; ७ फेब्रुवारीला ते निर्दोष सुटले. पुढे १८५८ मध्ये ते नियतकालिकच सरकारने बंद पाडले. कादंबरी ग्रंथरूपाने आली तेव्हा तिच्या अर्पणपत्रिकेत वकील सेनार आणि बुइए यांची नावे होती. द्यु काँचे नाव नव्हते.

६

तरीही मैत्री संपली नाही, आणि रूढ मांडणी नेमकी याच ठिकाणी अपुरी पडते. १८६७ मध्ये द्यु काँची ‘वाया गेलेली शक्ती’ ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. ती आपण लिहीत असलेल्या कादंबरीशी अनेक बाबतींत मिळतीजुळती आहे, असे फ्लोबेरने जॉर्ज साँद हिला कळविले होते. ही त्याची कादंबरी म्हणजे १८६९ ची ‘भावनिक शिक्षण’. तिच्यासाठी १८४८ च्या क्रांतीतील तपशील द्यु काँने पुरविले; हस्तलिखितावर त्याने अडीचशेच्या आसपास सूचना केल्या. आणि त्या कादंबरीचा विषय तरी कोणता? स्वप्नाळू फ्रेदेरिक आणि महत्त्वाकांक्षी देलोरिए या दोन मित्रांचे एकत्र निघणे, दुरावणे आणि दोघेही हरल्यावर शेकोटीपाशी पुन्हा एकत्र बसणे. तेथे फ्लोबेरने दोघांपैकी कोणालाही विजयी केले नाही.

१८७७ मध्ये दोघांनी परस्परसंमतीने तारुण्यातील पत्रांपैकी पुष्कळशी नष्ट केली. त्यामुळे स्नेहाच्या दिवसांचा पुरावा बव्हंशी गेला आणि भांडणाची पत्रे उरली. द्यु काँविषयीची फ्लोबेरची अत्यंत कठोर विधाने लुईज कोले हिला लिहिलेल्या पत्रांत सापडतात. तिचा आणि द्यु काँचा बेबनाव होता, हेही विसरता येत नाही. फ्लोबेरचा पत्रव्यवहार १८८७ पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि विसाव्या शतकात जाँ ब्र्युनो याने त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. ती पत्रे इतकी सामर्थ्यवान आहेत, की त्यांतील प्रतिपक्ष आपोआपच खुजा दिसतो. द्यु काँनेही आपल्या आठवणींत मित्राचा अपस्मार जगजाहीर केला आणि त्या रोगाने त्याची प्रतिभा खुंटली असे लिहून स्वतःचेच नुकसान करून घेतले.

फेब्रुवारी १८८० मध्ये द्यु काँ फ्रेंच अकादमीवर निवडून आला; त्याच वर्षी ८ मे रोजी फ्लोबेर वारला. द्यु काँ १८९४ पर्यंत जगला. पॅरिस शहराच्या व्यवस्थेवरील त्याचा सहा खंडांचा ग्रंथ आणि ईजिप्तची छायाचित्रे यांच्याकडे अभ्यासक आजही वळतात. त्याच्या कादंबऱ्या मात्र वाचल्या जात नाहीत. एकाचे यश मान्य करताना दुसऱ्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तरुण फ्लोबेरला त्याच्या पहिल्या मोठ्या कृतीविषयी परखड मत ऐकविणारा, त्याला क्र्वासेबाहेर ईजिप्तपर्यंत नेणारा आणि काटछाट करून का होईना, त्याची कादंबरी प्रथम छापणारा माणूस एकच होता. त्याचा निवाडा करताना तो निवाडा कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आला आहे, एवढे तरी वाङ्मयेतिहासकाराने विचारात घेतले पाहिजे.