पेंच-कन्हानच्या खाणी : जुनी कामे आणि नवा कोळसा

पेंच म्हटले की आजच्या मुलांना वाघ आठवतो आणि नागपूरच्या नातेवाइकांना नळाचे पाणी. आपल्या जुन्या पिढीला मात्र पेंच म्हणजे कोळसाही होता. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया, चांदामेटा, बडकुही, जुन्नारदेव, दमुआ ही गावे कोळशावर उभी राहिली. २०२३ पर्यंत याच जिल्ह्यात असलेला सौंसर आणि पांढुर्णा हा भाग मराठी बोलणारा. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता आणि पुढे १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूर राजधानीतूनच चालला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला आली. तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे आली आणि छिंदवाड्याचे कागदही नागपूरऐवजी भोपाळकडे येऊ लागले. म्हणून या खाणींची गोष्ट आपल्याला परकी नाही.

मध्य प्रांतात कोळसा काढण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. नरसिंहपूर जिल्ह्यात मोहपानी आणि चांदा जिल्ह्यात वरोरा ही त्यातली जुनी नावे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. पेंच खोऱ्यातला कोळसा माहीत होता, पण तो वाहून न्यायला रेल्वे नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद रूळमार्ग छिंदवाड्याला पोचला आणि खाणींना जीव आला. शॉ वॉलेसच्या व्यवस्थापनाखालील पेंच व्हॅली कोल कंपनी त्यांतली प्रमुख. कंपन्या खासगी, खाणी शेजारी शेजारी, आणि प्रत्येकीचा नकाशा तिच्या तिच्या कपाटात.

हा नकाशा म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. भूमिगत खाणीत कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गल्ल्या खणतात आणि मधे चौकोनी खांब ठेवतात. छत त्या खांबांवर तोललेले असते. पुढे परत येता येता तेही काढून घेतात आणि छत खाली बसू देतात. काम संपले की पंप निघतात आणि पोकळीत पाणी साचू लागते. कोळशाचा थर सहसा तिरपा असतो. जमिनीजवळचा, सोपा भाग आधी संपतो. उरलेला साठा उताराच्या बाजूला, खोल असतो. म्हणजे खाण वाढवायची तर ती बहुधा जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांच्या खालच्या अंगालाच वाढते. पाण्याची पातळी ५० मीटर वर असेल तर खालच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५० टन दाब येतो. मधली कोळशाची भिंत किती जाड आहे, हे फक्त नकाशा सांगतो. नकाशा चुकीचा किंवा अपुरा असेल, तर खणणाऱ्याला ते कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

१० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ कामगार मृत्यू पावले. तेव्हा राजधानी नागपूरच होती. ५ जानेवारी १९६० रोजी त्याच जिल्ह्यातल्या दमुआ खाणीत पाण्यानेच १६ जणांचा बळी घेतला. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूरजवळच्या सिलेवाडा खाणीत १० जण गेले. त्यानंतर सव्वा महिन्याने, २७ डिसेंबरला, धनबादजवळ चासनाला येथे ३७५ जण बुडाले. या चारही तारखा पुन्हा वाचाव्यात. एकही पावसाळ्यातली नाही. नदी खाणीत शिरल्याचे प्रसंगही घडले. सप्टेंबर १९९५ मधील गजलीटांडची दुर्घटना, ज्यात ६४ जण गेले, ती तशीच. पण खाणीचा मोठा वैरी म्हणजे वर्षानुवर्षे जमिनीखाली गप्प बसलेले पाणी.

यातूनच नियम घडले. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९५७ च्या कोळसा खाण विनियमांप्रमाणे सोडून दिलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत, तेथे पाणी नाही हे तपासलेले नसेल तर, लेखी परवानगीशिवाय पुढे खणता येत नसे. परवानगी मिळाली तरी गल्लीची उंची व रुंदी २.४ मीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही आणि खणण्याआधी समोर व दोन्ही बाजूंना ड्रिलने भोके पाडून चाचपायचे. ही भोके कामाच्या निदान ३ मीटर पुढे असावीच लागत. आंधळ्याने काठी टेकत चालावे, तसेच हे. कामाचा वेग यात कमी होतो आणि महिन्याचे टनांचे लक्ष्य असलेल्या व्यवस्थापकाला तो नकोसा वाटतो, हेही खरेच.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या खाणी सरकारकडे आल्या. आज त्या नागपूरचे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहेत. वेगवेगळ्या मालकांची जुनी कामे प्रथमच एका घराखाली आली, आणि त्यांच्या नकाशांचा मेळ घालण्याची जबाबदारीही. नव्या साठ्याचे नियोजन करताना आधी जमिनीवरून बोअर घेऊन थराची जाडी, खोली, प्रत आणि भ्रंश तपासतात. मग जुन्या कामांपासून किती अंतर सोडायचे, हवा कुठून आत-बाहेर खेळवायची, पाणी कुठे साठवून उपसायचे, हे ठरते. ६ जून २०२० रोजी पेंच क्षेत्रातील धनकसा आणि कन्हान क्षेत्रातील शारदा या भूमिगत खाणींचे उद्घाटन झाले. नागपूरजवळची आदासा ही तिसरी. दूरदृश्य प्रणालीवर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री होते. धनकसाची ठरवलेली क्षमता वर्षाला १० लाख टन, शारदाची ४ लाख टन.

आदासा ही मात्र भूमिगत होती, ती उघडी खाण करण्यात आली. हा देशभरचा कल आहे. उघड्या खाणीत टनाचा खर्च कमी येतो आणि छत कोसळण्याची भीती नसते. पण शेत, गाव, जंगल सगळे उचलावे लागते. भूमिगत खाणीवर शेती चालू राहू शकते, मात्र खांब काढल्यावर वरची जमीन खचू शकते. परासिया, जुन्नारदेवच्या बाजारपेठा खाणीच्या पगारावर चालतात. जुने साठे संपत असताना नवी खाण नको म्हणणे तिथल्या घरांना परवडणारे नाही. प्रश्न खाण वाढवावी की नाही इतकाच नाही. वाढवताना ३ मीटर पुढचे भोक रोज पाडले जाते की नाही, आणि ते पाहणाऱ्याचा शब्द टनांच्या लक्ष्यापुढे टिकतो की नाही, हाही आहे.

आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबा किंवा मामा पेंच-कन्हानमध्ये सर्वेअर, ओव्हरमन, डॉक्टर, शिक्षक म्हणून राहिले असतील. त्यांच्या ट्रंकेत एखादा फोटो, नोकरीचा कागद, कॉलनीतल्या गणपतीची वर्गणी-पावती असेल. कोणती खाण कधी बंद झाली, कुठे पाणी असे, हे त्यांनी सांगितलेले कोणाला आठवत असेल. ते लिहून ठेवावे, आणि जमल्यास पुढच्या स्मरणिकेसाठी मंडळाकडे द्यावे. न्यूटन चिखलीच्या ६३ जणांची आठवण आपल्या मराठीतही कुठेतरी नोंदलेली असावी.