दोन रायफली, एक काडतूस

शस्त्रांचा इतिहास सेनापतींनी सांगावा, निदान इतिहासाच्या प्राध्यापकांनी तरी सांगावा, अशी आपली समजूत असते. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून रायफलीविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु रायफल कारखान्यात होते. ती घडविणारा कामगार असतो, आणि ती खांद्यावर घेऊन उन्हापावसात चालणारा बहुधा शेतकऱ्याचा नाही तर कामगाराचाच मुलगा असतो. दोन रायफलींतून एक निवडण्याची वेळ येते तेव्हा मात्र या दोघांचे मत क्वचितच विचारले जाते. अमेरिकेत १९२३ ते १९३६ या तेरा वर्षांत अशी एक निवड झाली. तिची हकीगत आम्ही आज मांडणार आहोत.

प्रथम थोडे यंत्राविषयी. पहिल्या महायुद्धातील शिपायाच्या हाती जी रायफल होती, तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागे. मग रिकामे काडतूस बाहेर पडे, बोल्ट पुढे ढकलला की नवे आत बसे, आणि मग चाप ओढता येई. अर्धस्वयंचलित रायफलीत ही हाताची मेहनत वाचते. गोळी सुटताना जी शक्ती उत्पन्न होते, तिच्यातलाच थोडा अंश वापरून रायफल स्वतःच रिकामे काडतूस फेकते व नवे भरून घेते. शिपायाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, म्हणून ती 'अर्ध'स्वयंचलित. आपल्याकडे पोलिसांच्या व जवानांच्या हाती जी 'एस. एल. आर.' अनेक वर्षे दिसत असे, ती याच जातीची.

कल्पना सोपी आहे, पण ती लोखंडात उतरविणे फार कठीण. दारूचा स्फोट क्षणार्धाचा असतो. नळीतील दाब उतरण्यापूर्वी मागचे दार उघडले, तर शिपायाच्या तोंडावरच आपत्ती. उशिरा उघडले किंवा शक्ती कमी पडली, तर काडतूस अडकते. ही वेळ साधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती दोन माणसांनी शोधून काढल्या, आणि दोघेही मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात काम करीत होते.

पहिला जॉन पेडरसन. नेब्रास्का राज्यात १८८१ साली जन्मलेला हा माणूस रेमिंग्टन कंपनीच्या बंदुकांचा रचनाकार म्हणून आधीच नावारूपाला आला होता. महायुद्धाच्या काळात त्याने एक अजब उपकरण तयार केले होते. शिपायाने आपल्या जुन्या रायफलीचा बोल्ट काढून ते बसवावे, की तीच रायफल पिस्तुलाच्या ताकदीच्या छोट्या काडतुसांवर अर्धस्वयंचलित होई. सरकारने अशी सुमारे ६५,००० उपकरणे गुप्तपणे बनवून घेतली, पण ती रणांगणावर जाण्याआधी युद्धच संपले आणि पुढे त्यांतील बहुतेक सर्व नष्ट करण्यात आली. अशा कीर्तीचा माणूस १९२३ साली सरकारपुढे नवी योजना घेऊन आला. त्याच्याशी करार झाला. त्याला पगार मिळाला, कारखान्यात जागा मिळाली, आणि रायफल स्वीकारली गेल्यास तिच्यावर स्वामित्वधन घेण्याचा हक्कही राहिला.

दुसरा जॉन गॅरँड. त्याचा जन्म १८८८ सालचा, कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या एका शेतावरचा. आई वारल्यावर कुटुंब अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात आले, आणि हा मुलगा कापडगिरणीत झाडू मारण्याच्या कामाला लागला. झाडता झाडता तो यंत्रे पाहू लागला, मेकॅनिकांच्या मागे हिंडू लागला, आणि पुढे स्वतः उत्तम यंत्रकारागीर झाला. ही ओळख वाचताना आम्ही थबकलो, हे कबूल केले पाहिजे. आमचेही शाळेशी फारसे जमले नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. गॅरँड १९१९ साली स्प्रिंगफील्डला आला तो सरकारी नोकर म्हणून. त्याला पगार होता, स्वामित्वधन नव्हते.

आता या दोघांच्या रीती पाहू. पेडरसनच्या रायफलीचे मागचे दार एका सांध्याने बंद होई. आपल्या हाताचे कोपर जसे सरळ असताना भार पेलते आणि मोडले की दुमडते, तसा तो सांधा. दाब जोराचा असेपर्यंत तो तग धरी, आणि मग वरच्या बाजूस मोडून दार उघडी. रचना मोठी देखणी, पण तिच्यात एक खोच होती. दाब पुरता उतरण्याआधीच काडतुसाचे कवच मागे सरकू लागे, आणि ते नळीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ थर द्यावा लागे. पेडरसनचे म्हणणे असे की हे मेण कठीण व कोरडे असते, त्याला धूळ धरत नाही. त्यात तथ्यही होते. तरी अधिकाऱ्यांच्या मनातील शंका गेली नाही. शिवाय बिनमेणाची काडतुसे हाती आली तर शिपायाने काय करायचे?

गॅरँडची रीत वेगळी. त्याच्या सुरुवातीच्या रचना निराळ्याच तत्त्वावर होत्या, परंतु सैन्याच्या काडतुसात बदल झाला आणि त्याला ती वाट सोडावी लागली. मग त्याने नळीच्या तोंडापाशी गोळीमागून येणारा थोडा वायू धरला. त्या वायूने एक दांडा मागे ढकलला जाई, दांडा बोल्ट फिरवून कुलूप काढी, बोल्ट मागे जाऊन रिकामे कवच फेकी, आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणी. भाग कमी, सांधणे सोपे, आणि काडतुसाला मेण नको.

पण या दोन रायफलींच्या मागे तिसराच एक पदार्थ उभा होता, तो म्हणजे काडतूस. अमेरिकन सैन्याचे चालू काडतूस ०.३० इंच व्यासाचे, १९०६ सालापासूनचे आणि फार जोरदार. पेडरसनने ठरविले की रायफल हलकी व्हायची तर काडतूस लहान हवे, आणि त्याने ०.२७६ इंचाचे, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरचे काडतूस पुढे केले. लहान गोळी शत्रूला निकामी करील का, हा वाद निघाला तेव्हा १९२८ साली भूल दिलेल्या डुकरांवर गोळ्या झाडून प्रयोग करण्यात आले. ज्या अंतरावर बहुतेक लढाया होतात, तेथे लहान गोळी मोठीपेक्षा कमी घातक नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग गॅरँडलाही लहान काडतुसाची रायफल बनविण्यास सांगण्यात आले. काडतुसांचा जुडगा धातूच्या पट्टीसह एकदम रायफलीत कोंबण्याची जी युक्ती गॅरँडच्या नावाने पुढे प्रसिद्ध झाली, ती मुळात पेडरसनची होती, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. कारखान्यात कोणतीही वस्तू एकट्याच्या डोक्यातून उतरत नाही.

पुढे चाचण्या झाल्या. रायफलींत धूळ घातली, त्यांच्यावर पाणी ओतले, हजारो गोळ्या झाडल्या. सन १९३२ च्या जानेवारीत मंडळाने निकाल दिला. रायफल गॅरँडची घ्यावी, आणि काडतूस नवे, ०.२७६ इंचाचे घ्यावे. म्हणजे पेडरसनची रायफल हरली, पण त्याचे काडतूस जिंकले.

गोष्ट येथे संपती तर ती केवळ दोन कारागिरांच्या स्पर्धेची गोष्ट ठरली असती. परंतु पुढच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारी १९३२ रोजी, लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थरने नव्या काडतुसाला नकार दिला. पहिल्या महायुद्धातील जुन्या काडतुसांचे प्रचंड साठे कोठारांत पडून होते, सैन्याच्या मशीनगनही तेच काडतूस खात होत्या. दोन जातींची काडतुसे युद्धात पुरविणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. आणि सर्वांवर कडी म्हणजे तिजोरीत पैसा नव्हता.

ते वर्ष कोणते, हे विसरून चालणार नाही. जागतिक मंदीचे ते सर्वांत काळे वर्ष. त्याच उन्हाळ्यात महायुद्धात लढलेले हजारो बेकार शिपाई, सरकारने कबूल केलेला बोनस आताच द्या, अशी मागणी घेऊन वॉशिंग्टनमध्ये बायकामुलांसह झोपड्या टाकून बसले होते. जुलै १९३२ मध्ये याच मॅकार्थरच्या हुकमतीखालील फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावले आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. ज्या शिपायासाठी उत्तम रायफल शोधण्यात वर्षेच्या वर्षे खर्ची पडली, त्याच शिपायाने भाकरी मागितली तेव्हा त्याच्या वाट्याला हे आले. मॅकार्थरचा काडतुसाविषयीचा निर्णय चूक होता असे आम्ही म्हणत नाही. पुढील महायुद्धात एकाच काडतुसाचा सैन्याला उपयोगच झाला. मात्र हिशेब वस्तूंचा जितक्या काळजीने होतो तितका माणसांचा होत नाही, एवढे त्या वर्षाने दाखविले.

नकाराबरोबर पेडरसनचा मार्ग बंद झाला. गॅरँडपाशी मात्र जुन्या काडतुसाची एक रायफल अर्धवट पडून होती. चाचणीत तिचा बोल्ट तडकला होता, म्हणून ती बाजूला ठेवली होती. ती त्याने पुन्हा हाती घेतली, बोल्ट सुधारला, आणि जानेवारी १९३६ मध्ये ती 'एम-१' या नावाने सैन्यात दाखल झाली. जुडग्यात दहाऐवजी आठ काडतुसे मावू लागली, वजन साडेनऊ पौंडांवर गेले. मोठ्या काडतुसाची ही किंमत शिपायाच्या खांद्याने भरली.

आणि येथून खरी कारखान्याची गोष्ट सुरू होते. रायफल मंजूर झाली म्हणजे ती तयार झाली असे नव्हे. स्प्रिंगफील्डची यंत्रे जुनी होती. १९३७ साली उत्पादन सुरू झाले ते दिवसाला दहा रायफलींच्या चालीने. गॅरँड हा मुळात हत्यारे आणि यंत्रे बनविणारा माणूस. त्याने रायफलीबरोबर ती घडविण्याच्या यंत्रांकडेही लक्ष पुरविले. वायू धरण्याची मूळ तऱ्हा त्रासदायक ठरली, तेव्हा ती सोडून नळीला खालून बारीक छिद्र पाडण्याची सोपी तऱ्हा आणली. महायुद्ध पेटले तेव्हा तोच कारखाना दिवसाला हजारोंच्या हिशेबाने रायफली देऊ लागला, आणि यंत्रांवर उभ्या राहिलेल्या हातांत स्त्रियांचे हातही मोठ्या संख्येने होते. युद्ध संपेपर्यंत स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टर मिळून सुमारे चाळीस लाख रायफली झाल्या. त्या युद्धात आपल्या पायदळातील सर्वांना अर्धस्वयंचलित रायफल देऊ शकले ते एकटे अमेरिकन सैन्य.

त्या चाळीस लाखांवर गॅरँडला किती स्वामित्वधन मिळाले? एक पैसाही नाही. त्याने आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर बक्षीस द्यावे असे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये आले, पण ते मंजूर झाले नाही. पदके मिळाली. १९५३ साली तो निवृत्त झाला आणि १९७४ साली स्प्रिंगफील्डमध्येच वारला. कारखान्याचे दैव तर त्याहून कठोर. १७९४ सालापासून चाललेला तो सरकारी कारखाना १९६८ साली बंद करण्यात आला, शस्त्रांची कामे खाजगी कंपन्यांकडे गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी हात रिकामे झाले. आज तेथे संग्रहालय आहे.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची वाटेल, पण ती तशी नाही. १९६२ साली चीनच्या आक्रमणापुढे आपले जवान उभे राहिले ते बहुतांशी हाताने बोल्ट ओढण्याच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली अर्धस्वयंचलित रायफल त्यांच्या हाती येऊ लागली. रायफल बदलली म्हणजे काडतूस बदलते, आणि काडतूस बदलले म्हणजे कारखाना बदलतो. आपल्या महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. भुसावळजवळ वरणगावचा काडतुसांचा कारखाना १९६४ साली निघाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. कामगार संघटनांनी विरोध केला, संपाची हाक दिली, तेव्हा संपावरच बंदी घालणारा कायदा आला. खडकी आणि वरणगाव आज त्यांतील एका कंपनीखाली आहेत. स्प्रिंगफील्डचे जे झाले तेच येथे होईल, असे भाकीत आम्ही करीत नाही. पण ती हकीगत आपल्या लोकांना ठाऊक असावी, असे मात्र वाटते.

दोन रायफलींत चांगली कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू की चाचणीच्या मैदानावर त्याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे कोठारातल्या मालात, कारखान्यातल्या यंत्रांत आणि तिजोरीत असते. चाचणी घेणाऱ्या मंडळाने पहिले अर्धे पाहिले, मॅकार्थरने दुसरे पाहिले, आणि दोन्ही निकालांतून टिकून राहिली ती गिरणीत झाडू मारीत यंत्र शिकलेल्या माणसाची रचना. ती टिकली, कारण वस्तू वापरणाऱ्याच्या आणि घडविणाऱ्याच्या अडचणी त्याने एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. असा माणूस प्रत्येक कारखान्यात कोठेतरी उभा असतो. निवड करणाऱ्यांनी कागदावर सही करण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे जाऊन विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.