ठाण्याची तारीख, पुण्याचा कोड

दिव्याहून लोकलला लटकत ठाणे जिल्हा न्यायालयात जायचे, ते केवळ दाव्याची पुढची तारीख विचारायला. आधीच्या पिढीतील कित्येक पक्षकारांचा असा अख्खा दिवस मोडत असे. आज तीच तारीख मोबाईलवर दिसते. ती तिथवर कशी पोहोचली, याविषयी हा थ्रेड.

२००५ साली न्यायालयांच्या संगणकीकरणाचा राष्ट्रीय आराखडा तयार झाला. माझ्या मते खरा पेच यंत्रांचा नव्हता, अधिकाराचा होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयांकडे असते आणि प्रत्येकाची नियमावली निराळी. आपल्याकडचा ‘रेग्युलर सिव्हिल सूट’ (आर.सी.एस.) कर्नाटकात ‘ओरिजिनल सूट’ होतो. मग दिल्लीतून एकच प्रणाली लादणार कशी?

मुक्त स्रोताच्या जगात यावर तोडगा आधीच रुळला होता. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, सामायिक असतो. त्याभोवतीची रचना ज्याची त्याने करावी. मोठ्या संस्थांनी ही कार्यपद्धती आपल्या भिंतींच्या आत आणावी, या कल्पनेला टिम ओरायली यांनी २००० साली ‘इनर सोर्स’ म्हटले होते.

ई-न्यायालय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याच्या २०१४ च्या धोरणात हेच तत्त्व ‘गाभा आणि परीघ’ या रूपात दिसते. खटल्यांच्या नोंदीच्या प्रणालीचा समान गाभा पुण्याच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने (एनआयसी) घडवायचा. स्थानिक गरजांचा परीघ प्रत्येक उच्च न्यायालयाने सांभाळायचा. सारे मुक्त सॉफ्टवेअरवर. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबुंटू आले आणि त्यांना त्याचे रीतसर प्रशिक्षणही घ्यावे लागले! गाभा समान असल्यामुळेच ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र जुळवता आल्या, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड जनतेला खुली झाली.

या निर्णयाचे समर्थन बहुधा परवाना-शुल्काच्या बचतीने केले जाते. मला ते अपुरे वाटते. उच्च न्यायालयांची स्वायत्तता न मोडता त्यांना एका प्रणालीत आणणे, हे यश मोठे. अर्थात, मुक्त सॉफ्टवेअरवर उभारलेली प्रणाली आणि जिचा कोड नागरिकाला वाचता येतो अशी प्रणाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. प्रलंबित खटल्यांचा ढीगही सॉफ्टवेअरने उपसला जात नाही.

ठाण्यातल्या दाव्यालाही आता देशभरातल्या दाव्यांप्रमाणे १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्याच्या नोंदीत ‘आर.सी.एस.’ मात्र कायम आहे.