घाटातले वळण कोणासाठी?

पावसाळा सरला की जयसिंगपुरातल्या कट्ट्यांवर मोटारसायकलींच्या सहलीचे बेत शिजू लागतात. चार-पाच मित्र, चार दिवसांची सवड आणि एकच अट : रस्ता वळणांचा हवा. ही अट या गावातल्या माणसांना सुचावी हे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले. बाजारपेठ म्हणून आखलेले, काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्यांचे. गल्ल्यांची ओळखही क्रमांकांनी. भोवती शिरोळ तालुक्याची सपाट काळी जमीन. वळणे हवी असतील तर पश्चिमेला सह्याद्रीकडेच जावे लागते.

बेत बहुधा असा ठरतो. पहिल्या दिवशी कोल्हापूरवरून गगनबावडा आणि भुईबावडा घाटाने खारेपाटण. दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग, देवगड, मालवण. तिसऱ्या दिवशी वेंगुर्ले. चौथ्या दिवशी सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून आजरा-गडहिंग्लजमार्गे घरी. ही फेरी पाहण्याजोग्या ठिकाणांची म्हणून आखली जाते. पण कागदावर ती नीट पाहिली तर ध्यानात येते, की आपण घाटमाथा आणि बंदरे यांना जोडणाऱ्या दोन जुन्या व्यापारी वाटा एकत्र गुंफल्या आहेत. एकीने उतरतो आणि दुसरीने चढतो.

खारेपाटणचेच घ्या. महामार्गावरून झरकन मागे पडणारे हे गाव विजयदुर्गच्या खाडीत आतवर वसलेले जुने बंदर. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. जहाजाने आलेला माल घाटावर जायचा तो बैलांच्या पाठीवरून. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे अंतर मजलांनी मोजत. मजल किती लांब, हे पाणी, चारा आणि चढण यांवर ठरे. घाट चढायचा तर आदल्या रात्री मुक्काम पायथ्याशी. या वाटांना आजच्यासारखी वळणे नव्हती. पाठीवर गोण असलेला बैल डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सरळ चढू शकतो. आजही आपला नागमोडी रस्ता जिथे लांबचा फेरा घेतो, तिथे एखादी पाऊलवाट त्याला मधूनच छेदून खाली जाताना दिसते. ती त्या काळाची खूण.

वाट अवघड असणे हा त्या काळी दोष नव्हता. गगनबावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त गडाचा मार्ग सुगम असू नये असे बजावलेले आहे, सुगम असेल तर तो मोडून अवघड करावा. सोप्या वाटेने व्यापारी येतो, तसा तोफखानाही येतो. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन घाट चढले आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला जाऊन मिळाले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. घाटाची वाट कोणासाठी खुली राहते, हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

वळणे आली ती बैलगाडीबरोबर. १८१८ नंतर बेळगावात लष्करी छावणी उभी राहिली आणि तिचे बंदर झाले वेंगुर्ले, जिथे सतराव्या शतकात डचांची वखार होती. छावणीचे सामान आणि देशावरचा माल यांसाठी चाकांचा रस्ता हवा होता. भरल्या गाडीला सोंडेवरून चढता येत नाही. उतारावर तर ती बैलांच्या अंगावर येते. म्हणून चढ सौम्य ठेवावा लागतो. हिशोब सोपा आहे. आंबोलीची उंची सुमारे सातशे मीटर. दर वीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर तेवढे चढायला चौदा किलोमीटर रस्ता लागतो. कड्याच्या अंगावर एवढी लांबी सरळ मावत नाही. मग ती दुमडावी लागते. प्रत्येक दुमड म्हणजे एक वळण. आपण ज्याला मौज म्हणतो, ते मुळात बैलाच्या खांद्याला दिलेले माप आहे.

पुढे १८८०च्या दशकात रेल्वे आली, बेळगावचा माल मुरगावकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. रस्ता मात्र राहिला. त्यावर एस. टी. धावली, ट्रक धावले, मद्रासेत बनलेल्या बुलेट आणि म्हैसुरात बनलेल्या जावा चढल्या.

आता पुन्हा माप बदलते आहे. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरणारा करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी वाहतुकीला बंद ठेवला गेला आणि वाहने भुईबावडा, फोंडा या घाटांकडे वळली. रुंद रस्त्यासाठी डोंगर कापावा लागतो, आणि कापलेला डोंगर पावसात स्वस्थ बसतोच असे नाही. २०२१च्या जुलैतल्या अतिवृष्टीत आंबा घाट खचला तेव्हा हे सर्वांनी पाहिले. दुचाकीस्वाराला वाटते, जुनी वळणे तशीच राहावीत. वैभववाडीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात रुग्ण नेणाऱ्याला तसे वाटणार नाही. इतिहास त्याच्या बाजूने उभा राहतो, कारण घाटरस्ता कधीच मौजेसाठी काढलेला नव्हता. पण तोच इतिहास हेही सांगतो, की वळण म्हणजे डोंगराशी केलेली तडजोड आहे. ती मोडताना डोंगराला काय द्यावे लागेल, याचा हिशोब आधी करायला हवा.

तोवर बेत आखणाऱ्यांनी तांड्यांकडून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मजल घाटावरून ठरवावी, किलोमीटरांवरून नव्हे. आंबोली चढायची तर सकाळी. दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाने परतायचे ठरले, तर अंधारापूर्वी, कारण रात्री तिथे गवा रस्त्यावर उभा असू शकतो. दुसरी, अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. मोटारवाहनांच्या नियमांतही हे आहे. चढावर एकदा थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणे किती कठीण, हे गाडीवानाला ठाऊक होते, आणि उसाच्या मळीचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरलाही ठाऊक आहे. बेताच्या कागदावर मुक्कामांची नावे लिहून झाली, की त्यांच्याखाली ही ओळही लिहून ठेवावी : वाट आधी चढणाऱ्याची.